टावरचा माथा

गेल्या दिवाळीपासून आम्ही नवरा-बायको स्वयंपाकघरात खाली बसून जेवतो, कारण जेवणाच्या टेबलावर कोळशाचा टावर उभा राहतो आहे. माझे गुडघे त्यावरून रोज दोन वेळा कुरकुरतात आणि मी वेगळी कुरकुरते. समोरच्या विजयश्रीवहिनी संक्रांतीचं वाण घेऊन आल्या तेव्हा टेबलाकडे बघून त्यांनी विचारलं, "देऊळ करताय का हो?" मी म्हटलं, "तसंच समजा. फक्त कळस कसा होता ते पुजाऱ्याला आठवत नाहीये." त्या हसल्या, तिळगूळ दिला आणि गेल्या.

पुजारी म्हणजे माझे यजमान, ज्ञानदेव. लिहिताना नाव घेते. बोलताना आमची गाडी अजून ‘अहो’च्या पुढे सरकलेली नाही. पिंपरीच्या एका फौंड्रीत त्यांचा उभा जन्म गेला. लोखंडाचा एखादा भाग ओतायचा तर आधी तो लाकडात घडवावा लागतो, त्याला पॅटर्न म्हणतात, आणि हे पॅटर्नमेकर. मी शाळेत मास्तरीण होते. आता दोघंही घरी. दापोडीला रुळांच्या कडेला आमचं घर आहे. गाडी गेली की टेबलावरचा टावर थरथरतो, आणि हे हातातली पटाशी बाजूला ठेवून गाडी जाईपर्यंत थांबतात.

या सगळ्याचं मूळ एका फोटोत आहे. जुन्या इंजिनांच्या कुठल्याशा शौकिनानं तो फोनवर फिरवला होता, फिरत फिरत आमच्याकडे आला. काळं वाफेचं इंजिन, बाहेर झुकलेला ड्रायव्हर, आणि मागे दोन जाडजूड काँक्रीटचे पाय, त्यांच्यावर एक मोठं पोट आणि पोटातून बाहेर आलेली लोखंडी पन्हळ. पोटाच्या वर फोटो संपत होता. ज्ञानदेवांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "खैरवाडी," ते म्हणाले. "हा आमचा टावर आहे."

खैरवाडी जंक्शन दौंडच्या पलीकडे. तिथे पूर्वी वाफेच्या इंजिनांची मोठी शेड होती. इंजिनात कोळसा भरायला हा टावर. खालून बादलीनं कोळसा वर खेचायचा, पोटात साठवायचा, आणि इंजिन खाली येऊन उभं राहिलं की साखळी ओढून पन्हळ खाली करायची. मग गडगडाट करत कोळसा पडायचा. साखळी ओढायचं काम माझ्या सासऱ्यांचं. सगळे त्यांना अण्णा म्हणत. शाळा सुटली की दोघे भाऊ त्यांचा डबा घेऊन जात. टावरच्या सावलीत तिघं मिळून जेवत. भाकरीला कोळशाची चव लागायची, असं हे अजून सांगतात आणि माझ्या भाकरीकडे जरा दुःखानं बघतात.

अण्णा नोकरीत असतानाच गेले. त्यांच्या जागी घरातल्या एकाला घेणार होते. थोरल्याचं, म्हणजे धोंडीबाभाऊजींचं, लग्न ठरलेलं होतं. सासूबाईंनी त्यांचं नाव दिलं. ज्ञानदेव धाकटे. शिट्टीवरून ड्रायव्हर कोण आहे ते सांगणारा हा पोरगा दापोडीला मामाकडे लाकूड तासायला आला. त्यावरून ते कधी एका शब्दानं बोलले नाहीत. पुढे जे बोलले, ते टावरवरून.

वाफेची इंजिनं बंद झाली, शेड ओस पडली, पण टावर होता. वर्षातून एकदा आम्ही गावाकडे जायचो, तेव्हा खैरवाडी यायच्या आधीच हे खिडकीशी जाऊन बसायचे. एका वर्षी खिडकीत टावर आला नाही. आम्ही तसेच उतरलो आणि भाऊजींच्या रेल्वे क्वार्टरवर गेलो. भाऊजी दारातच होते.

"कधी पाडला?" यांनी विचारलं.

"झालं दोन म्हैनं."

"मला कळवलं का नाहीस?"

"तू येऊन काय करनार व्हतास?" भाऊजी म्हणाले.

हे चहासुद्धा न घेता परत फिरले. जाऊबाईंनी दिलेला प्रसाद पदरात घेऊन मी मागे धावले. तेव्हापासून दोघा भावांचा अबोला, त्याला आता तीस वर्षं होत आली. घरच्या लग्नांत दोघं एका पंगतीला बसले, पण मधे कुणीतरी पाहुणा बसवून. भाऊजी रिटायर झाले आणि मुलाकडे, गणराजकडे, कुरुळीला राहायला आले. तो चाकणच्या एका कंपनीत आहे. दापोडीहून कुरुळी म्हणजे दोन बस. भाऊ परदेशात असता तर बरं, लांब आहे म्हणून निदान रडता तरी आलं असतं. हा नाशिक रस्त्यावर भाजी घेत असेल आणि हे त्याच रस्त्याला बसच्या खिडकीतून मान फिरवून बसणार. गणराज मला फोन करतो. हे समोर असले की मी त्याला ‘बोल रे बाळा’ म्हणत नाही, ‘हो हो, सिलिंडर उद्या पाठवा’ म्हणते. यांना ते समजतं. महिन्यात इतके सिलिंडर कुठलं घर वापरतं?

तर फोटो आला आणि यांनी ठरवलं, टावरचं मॉडेल करायचं. अगदी मापात. आधी ड्रॉइंगची शोधाशोध झाली. अर्ज केले, जुन्या ओळखी काढल्या, रेल्वेच्या रिटायर लोकांच्या चहाच्या बैठकांना जाऊन आले. इंजिनांची पुस्तकं आणली. टावरचं ड्रॉइंग कुणाकडेच नव्हतं. ज्यांच्याकडे असेल असं वाटलं, त्यांना टावर होता हेच आठवत नव्हतं. ते यांनी फार मनाला लावून घेतलं.

मग आम्ही खैरवाडीला गेलो. शेडच्या जागी बाभळी माजल्या होत्या. काटे चुकवत आत शिरलो तर जमिनीत काँक्रीटचे चार बुंधे सापडले, टावरच्या चार पायांचे. मी टेप धरला, यांनी मोजलं. फोटोतलं इंजिन कुठल्या जातीचं ते यांना ठाऊक होतं, त्याच्या चाकाचं माप पुस्तकात मिळालं. त्या चाकाशी ताडून पायांची, पोटाची, पन्हळीची मापं निघणार होती. काम झालं तरी हे जागचे हलेनात. चार बुंध्यांच्या मधोमध उभे राहिले आणि वर बघत राहिले. वर काही नव्हतं, एक घार होती.

"डबा खाताना दादा मला इकडे बसवायचा," ते म्हणाले. "वरून खडे पडायचे ना, म्हणून स्वतः पन्हळीच्या बाजूला बसायचा."

तीस वर्षांत ‘दादा’ हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. मला फार वाईट वाटलं. टावर यांना हवाच होता, पण त्याच्याखाली बसणारी माणसं त्याहून हवी होती. त्यातला एकच माणूस उरला होता आणि तो दोन बसवर राहत होता. मी उन्हात उभी राहून हा विचार करत होते आणि साडीतले काटे काढत होते.

खरी अडचण पुढे आली. फोटोत पोटाच्या वरचा भाग नव्हता. यांना आठवत होती एक पत्र्याची शेड, तिच्यात एक मोठं चाक, भोवती लोखंडी गॅलरी. पण शेडचा उतार कुठल्या बाजूला? चाक केवढं? गॅलरीला गज किती? पोरांना वर जायची बंदी होती. हे खालून बघत मोठे झाले. भाऊजी वर चढून म्हातारे झाले.

"मग विचारा ना," मी म्हटलं.

"कोणाला?"

"खैरवाडीच्या मारुतीला!"

"त्याला विचारून उपयोग नाही. तोही खालीच असतो," असं म्हणून हे रंधा मारायला लागले. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

पायांपासून कामाला सुरुवात झाली. मॉडेलमध्ये पायाची उंची तीस सेंटिमीटर ठरली होती. चार पाय तयार झाले, लांबी भरून, घासून गुळगुळीत. मी सहज माझी शाळेची पट्टी लावून बघितली. तीस आणि वर तीन मिलिमीटर.

"जास्त झालाय," मी म्हटलं.

"तुझी पट्टी झिजलीय."

"या पट्टीखाली दापोडीतली निम्मी पोरं सरळ झालीत. ती झिजायची नाही."

त्यांनी चारी पाय माझ्या पट्टीनं मोजले. चारी जास्त, आणि अगदी सारखे जास्त. मग त्यांनी स्वतःची स्टीलची पट्टी उलटी केली, मागचे आकडे वाचले आणि कपाळावर हात मारला. "अरे देवा. आकस सुटला."

हा त्यांच्या पॅटर्न शॉपमधला शब्द. तापलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढ्या अंदाजानं थोडा मोठा करावा लागतो. त्यासाठी वेगळी पट्टी असते, तिचे सेंटिमीटरच किंचित मोठे आखलेले. दिसायला अगदी साध्या पट्टीसारखी. या जादा मापाला त्यांचे उस्ताद ‘आकस’ म्हणायचे. ‘आकस सोडलास का रे?’ हे उस्तादांचं पहिलं वाक्य, काम बघायच्या आधी. यांचा हात जन्मभराच्या सवयीनं त्याच पट्टीवर गेला होता.

मला हसू आवरेना. आधी नुसतंच हसू आलं, मग रागही आला, आणि दोन्ही एकदम बाहेर पडलं. "म्हणजे तुम्हाला आकस सोडता येतो तर! लोखंडासाठी चाळीस वर्षं सोडलात की. सख्ख्या भावासाठी एकदा सोडला असता तर काय हात झडले असते?"

पट्टी यांच्या हातातच होती. बाहेरून गाडी गेली, तरी मान वर केली नाही.

"पाय परत करावे लागतील," ते म्हणाले. "हे ओतायचं नाहीये. लाकूड आहे, जेवढं केलं तेवढंच राहणार."

मी भावाचं बोलले होते आणि त्यांनी पायाचं उत्तर दिलं. पण ‘परत त्याचं नाव काढू नकोस’ हे नेहमीचं वाक्य आलं नाही. मला तेवढं पुरे होतं. दुसऱ्या दिवशी मी मोशीला मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगितलं आणि कुरुळीची बस धरली.

गणराज शिफ्टला गेला होता. खालच्या खोल्यांतून कंपनीतली भाडेकरू पोरं झोपली होती, दाराबाहेर बुटांची रांग. वर जाऊबाईंनी, यशोदाबाईंनी, दार उघडलं आणि माझा हात धरूनच आत नेलं. भाऊजी पलंगावर पाठीला दोन उशा लावून बसले होते. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. गणराज फोनवर ‘जरा दम लागतो’ म्हणायचा. हे जरा नव्हतं.

मी फोनवरचा फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करायला बोटं फिरवली तर आणखीच बारीक झाला. मी मोठा करून दिला. भाऊजी बघत राहिले, आणि मग आपणहून बोलायला लागले. "ह्याच्या वर शेड व्हती बग. पत्र्याची. आत चाक, ह्या येवढं. भवतीनं गॅलरी..." आणि थांबले. "कोनाला पायजेल ह्ये?"

"तुमच्या धाकट्याला. टेबलावर टावर बांधतोय. माथा अडलाय."

"मग त्यो का न्हाई आला?"

"कारण पाडला तेव्हा तुम्ही कळवलं नव्हतंत," मी म्हटलं. इतक्या वर्षांनी आडवळणं घ्यायचा मला कंटाळा आला होता.

जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि भाऊजींना पाणी दिलं. त्यांनी ते प्यायलं नाही, नुसतं धरून बसले.

"सुमन," ते म्हणाले, "पाडायचा हुकूम आला, तर ठेकेदाराची मानसं वर चढंनात. त्यास्नी काय ठावं, कंचा नट कुटं हाय? सायब म्हनला, धोंडीबा, तूच चढ. पयली शेड म्या उतरवली. मग चाक. मग गॅलरी. आन्नांची साखळी बी म्याच कापली. ज्या नोकरीपायी धाकट्याचा जीव तुटला ती मला मिळाली, आन् शेवटाला त्या नोकरीत म्या काय केलं? त्येचा टावर पाडला." त्यांना धाप लागली. "कळवलं आसतं तर त्यो आला आसता. खाली हुबा ऱ्हायला आसता, मान वर करून. आन् म्या वर. न्हाई जमलं मला. मंग दारात आला तवा तोंडाला यील ते बोललो."

मला बाभळीतले ते चार बुंधे दिसले आणि मान वर केलेले ज्ञानदेव दिसले. या माणसाला जे बघायचं नव्हतं ते मी बघून आले होते.

"हे त्यांना सांगा," मी म्हटलं. "आणि मापंही सांगा."

"दोनी सांगतो. पन त्याला यिऊ दे. मापं काय बाईच्या हाती धाडत्यात व्हय?"

"निरोप मात्र तीस वर्षं बाईच्याच हाती धाडलेत दोघांनी," मी म्हटलं, आणि जाऊबाई तोंडाला पदर लावून हसल्या. भाऊजीही हसले, मग खोकले.

घरी येऊन मी सगळं सांगितलं, मोशीच्या मैत्रिणीसकट. ज्ञानदेव पॉलिश पेपर हातात धरून ऐकत होते. मी संपवल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"साखळी कापून खाली टाकली, की उतरवली?"

"मला काय माहीत? जाऊन विचारा."

गुरुवारी कंपन्यांना सुट्टी असते, गणराज घरी असतो, म्हणून गुरुवारी निघालो. यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, काढला, दुसरा घातला. कुरुळीला दारात दोघे भाऊ समोरासमोर आले आणि मी आणि जाऊबाई श्वास रोखून उभ्या राहिलो.

"बस," भाऊजी म्हणाले.

"बसतो," हे म्हणाले.

आणि मग भाऊजीच, "पाय कितीचं धरलंस?"

झालं. दुपारपर्यंत फूट आणि इंच. जेवताना फूट आणि इंच. ना रडारड, ना गळाभेट. गणराज माझ्या कानाशी लागला, "काकू, हे नक्की भाऊच आहेत ना? आमच्या कंपनीतली व्हेंडरची मीटिंग पण याच्यापेक्षा गोड असते." निघताना भाऊजी म्हणाले, "फुडल्या गुरवारी ये. गॅलरीचं आठवून ठिवतो." परतीच्या बसमध्ये मोशी मागे पडल्यावर हे खिडकीकडे बघत म्हणाले, "साखळी त्यानं हळूच उतरवली होती. दोरानं बांधून." मी चहा करायला आत गेले तेवढ्यात विचारलं असणार.

मग दर गुरुवारी कुरुळी. भाऊजींनी गॅलरीला तीन गज सांगितले, यांनी तीन लावले. पुढच्या गुरुवारी ते म्हणाले, दोनच व्हते. यांनी काढून दोन केले. त्याच्या पुढच्या गुरुवारी परत तीन. शेडचा उतार आधी पूर्वेला होता, मग पश्चिमेला गेला. शॉपमध्ये एका मिलिमीटरवरून शिकाऊ पोरांना रडवणारा हा माणूस, पण यावर चकार शब्द नाही. "दादाचं वय झालंय," एवढंच म्हणायचे आणि नवीन लाकूड घ्यायचे. मला आधी दया आली. मग एका सकाळी मी स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं. चांगली जमलेली शिडी यांनी पटाशीनं उचकटून काढली, तुकडे खिशात घातले, आणि मला हाक मारून म्हणाले, "अगं, शिडीचं काहीतरी चुकतंय. दादाला विचारायला हवं."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एक मुद्दाम चुकीचं सांगतो, दुसरा मुद्दाम चुकीचं करतो. दोघेही लबाड. आणि दोघांनाही वाटतं की समोरच्याला कळत नाहीये. मी काही बोलले नाही. टेबल मला हवं होतं, पण त्यासाठी दोन म्हाताऱ्यांचा गुरुवार मोडायची माझी तयारी नव्हती. खाली बसून भाकरी थापताना मला कधी कधी इतकं बरं वाटायचं की गुडघ्यांचं विसरायला व्हायचं.

होळीनंतर भाऊजींचं दुखणं वाढलं. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. दवाखान्यात आठ दिवस ठेवून परत पाठवलं. गणराजच्या फोनमधली थट्टा गेली. तो आता कामाचं तेवढंच बोलायचा, "काकू, काकांना सांगा, गुरुवारी लवकर या."

त्या गुरुवारी माझा गुडघा सुजला होता, हे एकटेच गेले. संध्याकाळी लवकर परत आले. चपला न काढताच टेबलापाशी जाऊन उभे राहिले.

"काय झालं?"

"दादानं आज सगळी मापं दिली."

"मग बरं झालं की."

"पायापासून माथ्यापर्यंत. मी काही विचारलंही नव्हतं. गेल्या गेल्या म्हणाला, ध्यान दिऊन ऐक. दम लागत होता, थांबायचा, पण ओळीनं सांगितलं. उतार, चाक, गॅलरीचे गज, शिडीच्या पायऱ्या. मी मनात ताडून बघत होतो. सगळं एकमेकांत बसतंय, सुमन. एक सूत फरक नाही." त्यांचा आवाज फाटला. "शेवटी म्हणाला, झालं आता. करून टाक."

ते आत आले, जिथे आम्ही जेवतो तिथे खाली बसले आणि रडायला लागले. अण्णांच्या आठवणीनं, सासूबाई गेल्या तेव्हा, आमच्या लेकीची, ऋचाची, पाठवणी केली तेव्हा, मी या माणसाला डोळे पुसताना बघितलं आहे. असं रडताना कधी बघितलं नव्हतं. "मला माथा नको गं," ते म्हणत होते. "मला दादा पाहिजे. तीस वर्षं वाया घालवली आम्ही, मला अजून थोडा दादा पाहिजे."

मी त्यांच्याजवळ बसले. माझ्याही डोळ्यांना धार लागली होती, पण माझं रडणं आणि राग एकाच माठातलं पाणी आहे.

"उद्या जा," मी म्हटलं.

"उद्या शुक्रवार."

"मग? शुक्रवारी बसला सुट्टी असते?"

"आणि जाऊन काय विचारू? काही उरलंच नाही."

"माप विसरलो म्हणा."

"एकदा ऐकलेलं माप मी जन्मात विसरलो नाही. त्याला ठाऊक आहे."

"मग आता विसरा," मी म्हटलं. "वय झालंय तुमचं."

सकाळी मी गुडघ्याला पट्टी बांधली आणि बरोबर निघाले. नाशिक रस्त्याला कंटेनरची रांग लागली होती, बस गोगलगायीसारखी सरकत होती. हे सगळी वाट ओठांतल्या ओठांत काहीतरी घोकत होते. मी कान दिला. "दादा, गॅलरीचं माझ्या लक्षात राहिलं नाही." शाळेत कविता म्हणायला उभं राहायच्या आधी पोरं करतात तसं परत परत.

गणराज घरीच होता, शिफ्टला गेला नव्हता. त्यानं दार उघडलं. भाऊजींच्या नाकाला नळी होती, डोळे मिटलेले होते. जाऊबाई उशाशी बसायच्या, उठून पाय चेपायला जायच्या आणि परत उशाशी यायच्या. आमची चाहूल लागली तसे भाऊजींनी डोळे उघडले. धाकटा भाऊ भलत्याच वारी दारात उभा बघून ते जरा वेळ बघतच राहिले.

हे तोंड उघडून उभे. बसभर घोकलेलं वाक्य बाहेर येईना. दोनदा प्रयत्न केला, नुसता ओठ हलला. मी मागून पाठीला हात लावला, तरी नाही.

भाऊजींनी नळी सावरली. पलंगाच्या कडेवर हात थोपटून जागा दाखवली.

"बरं झालं आलास," ते म्हणाले. मग थांबले, श्वास गोळा केला. "काल सांगितलं त्यात चूक झाली माजी. बस हितं. पयल्यापास्नं सांगतो."